काल संध्याकाळी लागलेलं विमान आज सकाळी गायब: घरगुती एअरबँड रिसीव्हरची सरकणारी फ्रिक्वेन्सी

"काका, काल रात्री विमानतळाचा टॉवर इतका स्वच्छ येत होता आणि आज सकाळी नुसती खरखर. काहीही हलवलेलं नाही." गेल्या काही वर्षांत हे वाक्य मी चार वेगवेगळ्या तोंडांनी ऐकलंय, त्यातलं एक तोंड माझं स्वतःचं. चारही सेट विमानांचं बोलणं ऐकायचे, म्हणजे एअरबँडचे, घरी बनवलेले, चारही एकाच जातीच्या सर्किटवर आणि चारही ठिकाणी मूळ यादीतले दोन-चार पार्ट न मिळाल्यामुळे "त्याच्या जागी हा चालतो" म्हणून मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारातून दुसरे आणलेले. पार्ट चालतो, यात खोटं काही नाही. फक्त मूळ पार्ट आणखी एक काम गुपचूप करत असतो, ते दुकानदार सांगत नाही आणि सर्किटवरही लिहिलेलं नसतं.

सर्किट बहुतेकांना माहीत असेल. अँटेनापाशी आलेला सिग्नल वाढवणारा एक आरएफ ट्रान्झिस्टर, मग एनई६०२ किंवा एसए६१२ हा मिक्सर (सेटची स्वतःची लहर बनवणारा ऑसिलेटर त्याच्याच पोटात), मग १०.७ मेगाहर्ट्झचा सिरॅमिक फिल्टर, या मधल्या फ्रिक्वेन्सीला म्हणजे आयएफला वाढवणारा एमसी१३५०, लहरीतून आवाज काढणारा डायोड डिटेक्टर, सिग्नलच्या ताकदीप्रमाणे सेटची वाढ आपोआप कमी-जास्त करणाऱ्या एजीसीसाठी ऑप-अँप आणि शेवटी स्पीकर वाजवणारा एलएम३८६. विमानांचं बोलणं ११८ ते १३७ मेगाहर्ट्झमध्ये, तेही एएमवर. एफएमवर दोघं एकदम बोलले तर ताकदवान स्टेशन दुबळ्याला गिळून टाकतं. एएमवर दोघांची शिट्टी वाजते आणि कंट्रोलरला निदान कळतं, की आणखी कोणीतरी बोलतंय. आपल्याला याचा अर्थ एवढाच, की बाजारातला एफएम रेडिओ नुसता वर सरकवून भागत नाही.

फ्रिक्वेन्सी सरकते असं गृहीत धरून लगेच ऑसिलेटरची फ्रिक्वेन्सी ठरवणारी कॉइल दाबायला-ताणायला जाऊ नका. मी तेच केलं होतं आणि दोन रविवार वाया घालवले. काल लागलं आणि आज लागत नाही, याचे तीन अर्थ होतात. ऑसिलेटर सरकला, सेट बहिरा झाला, किंवा काल जे ऐकलं ते मुळात भलत्याच वाटेने येत होतं. विमानांच्या भरवशावर यातलं काही ठरवता येत नाही, कारण टॉवर आपल्या सोयीने बोलत नाही. हातात सतत चालू असलेली एक खूण हवी.

ती खूण, म्हणजे मार्कर, भंगारात मिळते. जुन्या कॉम्प्युटरच्या लॅन कार्डावर चार पायांची, पत्र्याची चौकोनी डबी असेल आणि तिच्यावर २५.००० लिहिलेलं असेल, तर ती काढून घ्या. तिचा सप्लाय ५ व्होल्टचा की ३.३ चा, हे कार्डावरच मोजून ठेवा. तिच्यातून चौकोनी लहर निघते, चौकोनी लहरीत विषम पट भरपूर असतात आणि २५ ची पाचपट म्हणजे बरोबर १२५ मेगाहर्ट्झ. ४० ची डबी मिळाली तर तिप्पट करून १२० मिळतात. आउटपुटच्या पायाला बोटभर तार लावून डबी खोलीच्या दुसऱ्या टोकाला ठेवायची. सेटवर आवाज काही येणार नाही, कारण त्या लहरीवर बोलणं नाही. पण नॉब फिरवताना एका जागी खरखर एकदम बसते, वाहता नळ बंद करावा तशी. एजीसीच्या लाइनवर मल्टिमीटर लावला तर काटा तिथेच उडी मारतो. ती जागा नॉबभोवती चिकटवलेल्या कागदावर पेन्सिलने टिपायची, वेळ आणि खोलीचं तापमान लिहायचं. सकाळी पुन्हा बघायचं. खूण मिळाली पण जागा बदलली, तर सरकणं. खूण कुठेच नाही, तर बहिरेपणा, आणि तो शोध वेगळा.

तिसरा अर्थ आधी उरकतो, कारण तो सगळ्यात फसवा आहे. शेजारच्या इमारतीतला एक मुलगा, इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला, सेट घेऊन आला. म्हणाला, "११९.७ ला कोणीतरी फाटक्या आवाजात गाणी लावतंय." मी हसलो आणि म्हटलं, अरे, हे ९८.३ आहे. त्याला पटेना. एफएमचं स्टेशन एअरबँडमध्ये येईलच कसं?

हिशोब करून बघा. मिक्सर आत येणारी फ्रिक्वेन्सी आणि ऑसिलेटर यांच्यातला फरक काढतो आणि तो फरक १०.७ भरला की पुढे पाठवतो. तो फरक ऑसिलेटरच्या वरच्या बाजूचा की खालच्या, याच्याशी त्याला काही देणंघेणं नाही. ऑसिलेटर १०९.० वर असेल, तर वरच्या बाजूला ११९.७ आणि खालच्या बाजूला ९८.३ ही दोन्ही स्टेशनं १०.७ च्या फरकावर येतात. एक विमानाचं, एक गाण्यांचं. गाण्यांचं ट्रान्समीटर शहरातच किलोवॅटने ओतत असतं, त्यामुळे जिंकतं तेच. ऑसिलेटर वरच्या बाजूला, म्हणजे १३०.४ वर असता, तर नको असलेली बाजू १४१.१ ला पडली असती. तिथे असला धुमाकूळ नसतो. म्हणून या सर्किटात ऑसिलेटर नेहमी सिग्नलच्या वर ठेवतात.

मग त्याचा खाली कसा गेला? मूळ यादीत पत्र्याच्या डबीतली, स्क्रूने जुळवायची तयार कॉइल होती. ती मिळाली नाही म्हणून त्याने हवेतली कॉइल गुंडाळली. विचार चांगला होता, पण ५ मिलिमीटरच्या ड्रिल बिटवर २२ गेजच्या एनॅमल तारेचे वेढे घेतले सात. याच मापाचे पाच वेढे घेतले तर साधारण ९० नॅनोहेन्री होतात, सात घेतले तर दीडशेच्या आसपास. सर्किटातला कपॅसिटर तोच राहिला, तर पाच वेढ्यांना जो ऑसिलेटर १३८ च्या आगेमागे चालतो, तो सातला १०९ वर येऊन बसतो. दोन वेढ्यांत पट्टीची बाजू बदलली. वाईट हे, की सेट मेलेला वाटत नाही. ११९.७ ची विमानंही त्यावर खरोखर ऐकू येतात, रात्री उशिरा किंवा अँटेना खिडकीच्या दुसऱ्या बाजूला असली की. म्हणून "काल येत होतं".

हे तपासायला कोणतंही महागडं यंत्र लागत नाही. घरातला साधा एफएम रेडिओ सेटच्या शेजारी ठेवा, १०० ते १०८ मधल्या रिकाम्या जागी लावा आणि आपल्या सेटचा नॉब हळूहळू या टोकापासून त्या टोकाला न्या. मध्येच कुठे रेडिओची खरखर गप्प झाली, तर आपला ऑसिलेटर १०८ च्या खाली फिरतोय. तो चुकीच्या बाजूला आहे. वेढे कमी करा. बारीक जुळवणीसाठी कॉइल ताणली की फ्रिक्वेन्सी वर जाते, दाबली की खाली येते.

बाजू बरोबर असूनही गाणी येत असतील, तर मिक्सर भरून वाहतोय. एसए६१२ कानाने तिखट पण पोटाने नाजूक, मोठा सिग्नल त्याला पचत नाही. अँटेना आणि आरएफ ट्रान्झिस्टरच्या मध्ये एफएम पट्टी अडवणारा छोटा कॉइल-कपॅसिटरचा सापळा लावला की काम होतं. अँटेनाही लांबच लांब नको. ५७-५८ सेंटीमीटरची उभी तार पाव लहरीला पुरते. गच्चीवरून दहा मीटर वायर सोडली, तर विमानं तेवढीच आणि गाणी दुप्पट.

आता खरं दुखणं. खूण मिळते, पण रोज वेगळ्या जागी.

पहिला संशयित नेहमी व्होल्टेज. हे सेट व्हॅरॅक्टर डायोडने ट्यून होतात. डायोडवर व्होल्टेज वाढवलं की त्याची धारिता (कपॅसिटरसारखी वीज साठवायची क्षमता) घटते आणि ऑसिलेटर वर सरकतो. माझ्या सेटमध्ये दीड ते पाच व्होल्टमध्ये ११८ ते १३० मेगाहर्ट्झ बसतात, म्हणजे व्होल्टला साधारण साडेतीन मेगाहर्ट्झ. याचंच दुसरं रूप म्हणजे १० मिलिव्होल्टला ३५ किलोहर्ट्झ. एअरबँडचं एक चॅनेल आपल्याकडे २५ किलोहर्ट्झचं असतं. म्हणजे ट्यूनिंगचं व्होल्टेज १० मिलिव्होल्टने हललं, की आपण शेजारच्याच्या घरात. नऊ व्होल्टची बॅटरी संध्याकाळपासून सकाळपर्यंत किती उतरते, ते मोजून बघा आणि मग ट्यूनिंगचं पोटेन्शिओमीटर थेट त्या बॅटरीवर असेल, तर दुसरं काही शोधूच नका.

झेनर (व्होल्टेज एका आकड्यावर धरणारा डायोड) लावलाय म्हणणाऱ्यांनीही थांबावं. ६.२ व्होल्टचा झेनर नऊच्या बॅटरीवर ठीक चालतो, पण बॅटरी सातवर आली की त्याच्या वाट्याला करंटच उरत नाही आणि तो नुसता शोभेला राहतो. शिवाय झेनर तापमानाबरोबर हलतो. ५.१ ते ५.६ च्या आसपासच्या झेनरचा हा कल साधारण शून्याजवळ येतो, तिथून वर-खाली गेलं की वाढतो.

त्याऐवजी मी टीएल४३१ हा व्होल्टेज पक्कं धरणारा पार्ट वापरतो. दिसायला ट्रान्झिस्टरसारखा, तीन पायांचा, आणि मेलेल्या बऱ्याच मोबाइल चार्जरमध्ये किंवा कॉम्प्युटरच्या पॉवर सप्लायमध्ये ऑप्टोकपलरच्या शेजारी सापडतो. फुकट. बॅटरीपासून ६८० ओहमचा रेझिस्टर, दोन सारखे ४.७ के चे रेझिस्टर, झाले ५ व्होल्ट. फक्त ट्यूनिंगचं पोटेन्शिओमीटर त्यावर टाका, दुसरं काहीही नाही. एसए६१२ ला वेगळा ७८एल०५ हा ५ व्होल्टचा रेग्युलेटर द्या, एसए६१२ ला साडेचारपासून आठ व्होल्टपर्यंत चालतं. थेट नऊ व्होल्ट मात्र देऊ नका. टीएल४३१ ची एक खोड आहे: सवयीने त्याच्या आउटपुटला ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावला, तर तो स्वतःच डोलायला लागतो. एक तर काहीच लावू नका, किंवा मोठा, ४७ मायक्रोफॅरडच्या वरचा लावा. मी ०.१ लावून एक संध्याकाळ "हे कसलं नवीन गुणगुणणं" म्हणत काढली आहे.

एलएम३८६ चं दुखणंही इथेच मोडतं. आवाज मोठा केला की फट-फट-फट सुरू होतं, किंवा पायलट बोलायला लागला की त्याचा स्वतःचाच आवाज वळवळतो. अँप्लिफायर करंट ओढतो, बॅटरीचं व्होल्टेज खाली येतं, ऑसिलेटर सरकतो, सिग्नल निसटतो, करंट कमी होतो, ऑसिलेटर परत येतो आणि पुन्हा तेच. एलएम३८६ च्या सहाव्या पायाला लगेच जवळ ४७० मायक्रोफॅरड, आउटपुटला १० ओहम आणि ०.०४७ मायक्रोफॅरडची जोडी, आणि वरचे दोन वेगळे रेग्युलेटर. विषय संपला.

दुसरा संशयित खुद्द डायोड. व्हॅरॅक्टर मिळत नाही, म्हणून त्याच्या जागी १एन४००७ लावायचा सल्ला जुना आहे आणि तो खोटा नाही. उलट्या व्होल्टेजवर त्याची धारिता खरोखर बदलते, ऑसिलेटर चालतो, पट्टी भरते. पण तो बनवलाय वीज सरळ करायला. त्याची उलटी गळती किती असेल, याची कोणी पर्वा केलेली नसते. ही गळती प्रत्येक नगाला वेगळी आणि दर १० अंशांना साधारण दुप्पट होते. ट्यूनिंगचं व्होल्टेज डायोडला आपण १०० के च्या रेझिस्टरमधून देतो. गळती १०० नॅनोअँपिअर झाली, की त्या १०० के वर १० मिलिव्होल्ट पडतात. वरचा हिशोब आठवा: ३५ किलोहर्ट्झ. दुपारी पत्र्याच्या शेडखालच्या खोलीत हेच आणखी वाढतं. माझ्या एका मित्राने तर १०० के ऐवजी एक मेगओहम लावला होता, "म्हणजे ऑसिलेटरवर भार येणार नाही". भार आला नाही, फ्रिक्वेन्सी दसपट पळाली.

खरा व्हॅरॅक्टर हवा असेल, तर जुन्या पिक्चर ट्यूबवाल्या टीव्हीचा ट्यूनर शोधा. पत्र्याचं ते लांबट डबडं उघडलं, की आत बीबी१०५, बीबी१०९ असल्या जातीचे डायोड ओळीने उभे असतात. भंगारवाल्याकडे अख्खा ट्यूनर वीस-तीस रुपयांत पडतो. नाहीच मिळाला तर १एन४००७ ठेवा, पण पाच-सहा नग आणून ज्याची गळती सगळ्यात कमी तो निवडा, १०० के चं २२ के करा आणि त्याला दोन व्होल्टच्या खाली चालवू नका. कमी व्होल्टेजवर कोणत्याही जंक्शनची धारिता तापमानाबरोबर जास्त हलते. एक व्होल्टवर जेवढी हलते, त्याच्या जेमतेम तिसऱ्या-चौथ्या हिश्श्याइतकीच चार व्होल्टवर. आणि काचेचा डायोड वापरला असेल, तर डबा उघडा ठेवून ट्यूबलाइटखाली बसू नका. काचेतून उजेड आत जातो आणि जंक्शन त्याला दाद देतं. एका सेटमधला १०० हर्ट्झचा घरघराट मी हाताची सावली धरून बंद करून दाखवला, तेव्हा समोरच्याला ती जादू वाटली.

व्होल्टेज मोजलं, मिलिव्होल्टसुद्धा हललं नाही, डायोड टीव्हीतला, तरीही सरकतं. माझ्या स्वतःच्या सेटचं हेच झालं होतं. आणि गुन्हेगार निघाला दहा पिकोफॅरडचा एक गोंडस, बडीशेपेच्या गोळीएवढा सिरॅमिक कपॅसिटर.

यादीत लिहिलं होतं "१० पीएफ सिरॅमिक". दुकानात मागितला, दहा पीएफ मिळाला. मी त्याच्या डोक्यावरचा रंग बघितला नाही. चकतीच्या माथ्यावर रंगाचा पट्टा असतो. काळा म्हणजे एनपीओ, तापमान बदललं तरी धारिता जवळजवळ तीच. जांभळा म्हणजे एन७५०, दर अंशाला धारिता दहा लाखांत ७५० भागांनी घटते. आकडा छोटा वाटतो. ऑसिलेटरची सगळी धारिता असल्या कपॅसिटरची असती, तर १२९ मेगाहर्ट्झवर हे अंशाला ४८ किलोहर्ट्झ होतात, जवळजवळ दोन चॅनेलं. एनपीओला हेच दोन किलोहर्ट्झच्या आत राहतं. खोली रात्रीच्या २४ वरून दुपारच्या ३१ वर गेली, की माझा टॉवर का हरवायचा, याचं उत्तर त्या जांभळ्या ठिपक्यात होतं. जे कपॅसिटर १०४ वगैरे आकड्याचे, बायपासला लावतो ते, त्यांची तर गोष्टच सोडा. ते ऑसिलेटरच्या कॉइलजवळ फिरकतासुद्धा कामा नये.

कोणता पार्ट ते शोधायची रीत सोपी आहे, पण घाई चालत नाही. सेट पंधरा मिनिटं चालू ठेवा. मार्करवर ट्यून करा, एजीसीला मीटर लावा. शहाळ्याबरोबर मिळते तशी स्ट्रॉ घ्या आणि एका वेळी एकाच पार्टवर हळूच दोन-तीन सेकंद फुंका. सगळ्या बोर्डावर फुंकर मारून काही कळत नाही. ज्याच्यावर फुंकताच मीटर पडतो, तो आपला. फार फुंकू नका, तोंडाच्या वाफेने दमटपणा येतो आणि तो स्वतःच वेगळा गोंधळ घालतो. शंका राहिली, तर सोल्डरिंग आयर्नचं टोक त्या पार्टपासून अर्धा सेंटीमीटरवर दहा सेकंद नुसतं धरा, टेकवू नका.

सेट कोणत्या दिशेला सरकतो, तेही बोलकं असतं. गरम झाल्यावर मार्कर पकडायला नॉब खाली आणावा लागला, तर ऑसिलेटर वर गेलाय, म्हणजे धारिता घटली: जांभळ्यावर संशय. नॉब वर न्यावा लागला, तर ऑसिलेटर खाली गेलाय: कॉइलची तार प्रसरण पावली किंवा डायोड. यावरून पुढची युक्ती सुचते. कॉइल आणि डायोड गरम झाल्यावर खाली ओढतात, जांभळा वर ढकलतो. म्हणून सगळे जांभळे फेकून द्यायचे नाहीत. माझ्या सेटमध्ये आता मुख्य कपॅसिटर काळ्या ठिपक्याचा आहे आणि त्याला समांतर दोन पिकोफॅरडचा एक जांभळा आहे, मुद्दाम लावलेला. तीनचा लावला तेव्हा उलटी ओढ आली. हा तोल प्रत्येक सेटला वेगळा पडतो, माझा आकडा उतरवून घेऊ नका.

कॉइल मोकळी ठेवू नका. मेणबत्तीचं मेण चालतं, पण उन्हाळ्यात मऊ पडतं. हॉट ग्लू तर नकोच. मी थर्माकोलचे तुकडे एनसी थिनरमध्ये विरघळवतो, मधासारखं दाट झालं की काडीने वेढ्यांवर एक हात देतो. वाळल्यावर कडक काचेसारखं होतं आणि कॉइलच्या गुणात फरक पडत नाही. हे काम खिडकी उघडून करा, वास डोक्यात जातो.

आणि बोर्ड. ब्रेडबोर्डवर हा ऑसिलेटर बांधला असेल, तर वरचं सगळं वाचलेलं फुकट. तिथे शेजारच्या दोन पट्ट्यांतच दोन-तीन पिकोफॅरड असतात आणि ते हाताच्या धक्क्याने बदलतात. तपकिरी हायलमचा स्वस्त बोर्ड पावसाळ्यात दमट होतो. जूनमध्ये बिघडलेला सेट ऑक्टोबरमध्ये आपोआप बरा होतो, तो यामुळे. ग्लास इपॉक्सीचा तांब्याचा पत्रा घ्या, आयसी पालथी घालून पाय वर करा आणि पार्ट हवेतल्या हवेत पायाला पाय लावून डाग द्या. दिसायला मेलेल्या झुरळासारखं दिसतं. पण हलत नाही.

फिल्टरबद्दल एक गंमत. एफएम रेडिओतला १०.७ चा सिरॅमिक फिल्टर २८० किलोहर्ट्झ रुंद असतो. त्यातून दहा-अकरा चॅनेलं एकदम घुसतात, दोन विमानं एकमेकांवर बोलतात. म्हणून वैतागून एकाने जुन्या वॉकीटॉकीतला १०.७ चा क्रिस्टल फिल्टर बसवला, १५ किलोहर्ट्झ रुंदीचा. उत्तम फिल्टर. दुसऱ्या दिवशी तक्रार: "पूर्वी निदान ऐकू तरी यायचं." सेट आधीही तेवढाच सरकत होता, फक्त दार इतकं रुंद होतं की सरकला तरी चौकटीतच राहायचा. आधी सरकणं आवरा, मग दार अरुंद करा. मधला पर्याय हवा असेल, तर १५० किलोहर्ट्झचेही सिरॅमिक फिल्टर येतात. आणि फिल्टरच्या दोन्ही बाजूंना ३३० ओहमचा भार द्यायला विसरू नका. एसए६१२ चं आउटपुट १५०० ओहमचं आहे, थेट जोडलं की फिल्टरचा माथा खडबडीत होतो.

बहिरेपणावर थोडक्यात. आरएफला मूळ ट्रान्झिस्टर न मिळून बीएफ४९४ लावला असेल, तर लक्षात घ्या की त्याचा दम १२० मेगाहर्ट्झच्या आसपास संपतो, म्हणजे आपलं काम सुरू होतं तिथेच. ९०१८ घ्या, तो हजारच्या घरात जातो आणि किमतीने चहाच्या कपाइतकाही नाही. पण पाय वेगळे: बीएफ४९४ ला मधला पाय एमिटर, ९०१८ ला मधला बेस. डिटेक्टरला १एन३४ च्या जागी १एन४१४८ लावला, तर अर्ध्या व्होल्टच्या खालचं सगळं तो गिळून बसतो. ओए७९ सारखा जर्मेनियम किंवा शॉट्की घ्या. एमसी१३५० च्या जागी दोन ट्रान्झिस्टरची आयएफ बांधली असेल आणि अँटेना काढली तरी एजीसीचा मीटर वरच चिकटून राहत असेल, तर ती आयएफ स्वतःच वाजतेय. आयएफच्या कॅनवर (पत्र्याच्या डबीतल्या कॉइलवर) ४.७ के चा रेझिस्टर आडवा टाका आणि कॅनचे दोन्ही पत्र्याचे पाय जमिनीला नीट डाग द्या.

एक गोष्ट मात्र पर्याय म्हणून कोणी सुचवली, तर ऐकू नका: एका ट्रान्झिस्टरचा सुपर-रिजनरेटिव्ह रिसीव्हर. पार्ट पाच लागतात आणि ऐकू छान येतं. पण तो अँटेनामधून त्याच पट्टीत कचरा बाहेर फेकतो, जिथे कोणीतरी विमान उतरवत असतं. आपल्या सर्किटातला आरएफ ट्रान्झिस्टरही त्यासाठीच आहे. तो नुसता सिग्नल वाढवत नाही, ऑसिलेटरला अँटेनापर्यंत पोचू देत नाही. सेट चालतोय म्हणून तो टप्पा वगळू नका. ऐकण्याच्या परवान्याचे नियमही देशागणिक वेगळे आहेत. ब्रिटनमध्ये परवानगीशिवाय ऐकणं बेकायदा आहे, अमेरिकेत चालतं. आपल्याकडे वायरलेस यंत्र नुसतं बाळगण्यावरही १९३३ च्या कायद्यापासून परवान्याची अट होती आणि आता त्या जागी २०२३ चा दूरसंचार कायदा आलाय. बांधायला बसण्याआधी ते वाचून घ्या. बोर्ड जुळवायला तर मार्करची डबीच पुरते.

त्या तिसऱ्या वर्षाच्या मुलाचा सेट शेवटी पाच वेढ्यांवर, काळ्या ठिपक्यावर आणि टीव्हीतल्या डायोडवर स्थिर झाला. पंधरा मिनिटं तापल्यावर मार्कर तासभर जागचा हलला नाही. तो खूश होऊन घरी गेला आणि अर्ध्या तासात फोन: "काका, परत गेलं!"

"डबा बंद केलास का?"

"हो. आत्ताच झाकण लावलं."

पत्र्याचं झाकण कॉइलच्या वर दीड सेंटीमीटरवर आलं, की कॉइलला ते कळतं. फ्रिक्वेन्सी वर जाते. शिवाय बंद डब्यात ७८एल०५ ची ऊब साठते. त्याला म्हटलं, झाकणाला कॉइलच्या बरोबर वर एक भोक पाड, झाकण लावूनच पंधरा मिनिटं थांब आणि भोकातून वेढे जुळव. त्याने विचारलं, कशाने, स्क्रू ड्रायव्हर आत घातला की सगळं पळतंय. आईच्या स्वेटरची प्लास्टिकची सुई घे, म्हटलं, टोक कटरने चपटं कर. पलीकडून थोडा वेळ काही आवाज नाही, मग लांबून कोणीतरी ओरडल्याचा आणि कपाट उघडल्याचा.